जैबूनखालानं ठेवलेली नावं

मानोऱ्याहून इंझोरीकडे जाताना रस्त्याच्या आत एक तांडा आहे. तिथल्या शाळेवर मी रुजू झाले त्या दिवशी हजेरीपट उघडला आणि मला वाटलं, आधीचे गुरुजी जाता जाता माझी थट्टा करून गेले.

"मेघपाकळी राठोड."

"हजर!"

"नूरपंखी जाधव."

"हजर!"

"सोनझुळूक पवार. रानचांदणी चव्हाण."

दोघी उभ्या राहिल्या. एकीच्या नाकाला शेंबूड, दुसरीच्या फ्रॉकला मागून दोनच बटणं. पुढं एक गणेश आला आणि जमिनीवर पाय टेकल्यासारखं वाटलं. पण त्याच्या खालच्याच ओळीत 'दवमोती' होती.

हजेरीपट मिटून मी विचारलं, "तुमची नावं ठेवली कोणी गं?"

वर्ग एका सुरात ओरडला, "जैबूननानीनं!" गणेशही ओरडला. त्याचं नाव तिनं ठेवलं नव्हतं, तरी ओरडला.

ही जैबूननानी, म्हणजे मानोऱ्याची बांगडीवाली जैबूनखाला, मला आठवडाभरातच भेटली. मधल्या सुट्टीत शाळेसमोरच्या लिंबाखाली बायकांचा घोळका दिसला. मध्ये एक उंच, काटकुळी म्हातारी मांडी घालून बसली होती. पांढरी ओढणी डोक्यावरून घट्ट मागं ओढलेली, समोर बांगड्यांच्या दोऱ्या पसरलेल्या. आवाज असा खणखणीत, की शाळेच्या वऱ्हांड्यातून शब्द न् शब्द ऐकू यावा. मला पाहताच तिनं हात पुढं केला. नमस्काराला नव्हे, माझा हात मागायला.

हात चाचपून ती म्हणाली, "मॅडम, हाड लय कडक हाय. हाताले कायचा येवढा राग?"

"खडू धरून झाला असेल."

"ढिला सोड. हात मले दे, कान बी मले दे."

आणि तिनं सुरू केलं. एक शहर होतं. त्या शहरात लोक पायी चालत नसत, वासावर चालत. मोगऱ्याचा वास आला की बाई उचलली जाई आणि तरंगत मोगऱ्यापर्यंत पोहोचे. फोडणीच्या वासावर सगळे नवरे दुपारी बरोबर आपापल्या घरी उतरत. एकदा काय झालं, शहरातल्या राजकन्येला सर्दी झाली. नाक बंद. तिला कुठला वासच येईना, त्यामुळं ती जागची हलेना...

मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. खाली पाहिलं तर माझ्या हातात सहा बांगड्या होत्या. कधी चढल्या ते कळलंही नव्हतं.

"मग? राजकन्येचं काय झालं?"

"मंग काय? हात भरला ना." ती निवांत दुसरी दोरी सोडत म्हणाली. "पुढचं आयकाचं त दुसरा हात दे."

काचेची मापाची बांगडी चढवताना हाताच्या गाठीवर कळ येते. ती कळ विसरायला लावण्यासाठी तिच्या बापानं गोष्टीची ही युक्ती काढली होती. तोही याच तांड्यांवर बांगड्या विकत फिरायचा. खाला लहानपणी त्याच्याबरोबर फिरली आणि गोष्टी शिकली. 'शिकली' म्हणणं खरं म्हणजे चूक आहे, कारण तिला एकही गोष्ट पाठ नव्हती. जागच्या जागी रचायची. तीच गोष्ट पुन्हा सांग म्हटलं तर सर्दी राजकन्येऐवजी राजाला व्हायची आणि आपण चूक दाखवली तर म्हणायची, "घरात एकाले झाली की सगळ्याईले होते."

नावांचा प्रकार असाच सुरू झाला. कुणा पोटुशी बाईला हिरव्या बांगड्या भरताना गोष्टीत एक परी आली, तिचं नाव खालानं मेघपाकळी सांगितलं आणि तीन महिन्यांनी त्या बाईला मुलगी झाली. तिनं हट्टानं तेच नाव ठेवलं. मग शेजारणीलाही तसंच पाहिजे झालं. माझ्या काळापर्यंत अशी पद्धत पडली होती, की तांड्यावर पोर जन्मली की आधी भटजीकडून अक्षर आणायचं आणि मग मानोऱ्याला जैबूनखालाला निरोप धाडायचा.

तिचेही कायदे होते. बाळ पाहिल्याशिवाय नाव नाही. बाळ झोपलेलं असेल तर उठेपर्यंत ती थांबायची, उठवू द्यायची नाही. ज्या गोष्टीत शेवटी कुणी मरतं, त्या गोष्टीतलं नाव नाही. राक्षसाचं तर नाहीच. एका हौशी बापाला मोबाइलवरच्या खेळातलं 'ड्रॅगन' हे नाव मुलाला द्यायचं होतं. खालानं त्याला शांतपणे विचारलं, "तो काय करते?"

"आग फेकते तोंडातून."

"मंग त्याले दूध कोन पाजन?"

बापानं मोबाइल खिशात घातला. बाळाची आई पदरात तोंड घालून हसत सुटली.

नाव ठेवल्याबद्दल ती काही घ्यायची नाही. बारशाच्या घुगऱ्या तेवढ्या ओंजळ भरून मागायची आणि तिथंच उभ्यानं खायची. मी एकदा विचारलं, की खाला, साधी नावं काय वाईट आहेत? सीता, गीता, शबाना? ती चटकन म्हणाली, "वाईट कोन म्हनते? पन साधं नाव त कोनी बी देईन बेटा. दिवसभर कापूस येचनाऱ्या पोरीले घरी कोनीतरी 'नूरपंखी' म्हनून हाक मारली पायजे का नाही?"

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग अंबरवेलचं प्रकरण झालं.

अंबरवेल ही किसन राठोडची मुलगी. पहिलीत आली तेव्हा जन्मदाखल्यावरून मी तिचं नाव लिहायला घेतलं आणि थबकले. दाखल्यावर लिहिलं होतं 'अमरवेल'. शेतकऱ्याच्या घरी हे नाव म्हणजे काय, ते सांगायला नको. अमरवेल ही सोयाबीनवर चढणारी पिवळी बांडगुळी वेल. मुळं नाहीत, पानं नाहीत, उभं पीक पिऊन टाकते. हजेरीत दाखल्यावरचंच नाव लागलं आणि पोरांना ते लगेच कळलं. दुसऱ्या दिवसापासून ती वर्गात आली की ओरडा व्हायचा, "अमरवेल आली, फवारा मारा!" आणि दोन जण पाठीवर पंप असल्यासारखं करून तिच्याभोवती फिरायचे. तिनं चार दिवस सहन केलं. पाचव्या दिवशी ती आली नाही. सहाव्याही नाही. मी घरी गेले तर ती खाटेखाली जाऊन बसलेली. किसनचाही आवाज चढला, "मॅडम, त्या म्हातारीले सांगा, आमच्या पोरीले दुसरं नाव द्या. सादं. आमाले नाही पायजे परीबिरी."

मी खालाला सांगितलं. वाटलं होतं, हसून काहीतरी तोड काढेल. ती हसली नाही. तिनं बांगड्या बांधून ठेवल्या आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "माझं नाव ठाव हाय तुले? जैबुन्निसा. बापानं ठेवलं. जैब म्हंजे शोभा, सगळ्या बायाईची शोभा. आन् राशन कार्डावर काय आलं, त जबून. जबून म्हंजे खराब. चाळीस साल झाले, दुकानावर मले 'खराब' म्हनून हाका मारते. मी हौ म्हनते. पन पोरीचं नाही होऊ देनार मी."

दुसऱ्या दिवशी ती किसनला घेऊन ग्रामपंचायतीत गेली. मीही गेले, कारण अर्ज लिहायला कुणीतरी हवं होतं. तिथला कारकून आमच्याकडे न पाहताच म्हणाला, "एका अक्षराचा फरक आहे. चालून जाते."

खाला त्याच्या टेबलासमोर फरशीवर मांडी घालून बसली. "साहेब, मले वाचता येत नाही. पन आयकू येते. वाचा बरं मोठ्यानं."

"अमरवेल."

"आता अर्जावरचं वाचा."

"अंबरवेल."

"सारकं आयकू आलं का?"

कारकुनानं अर्ज डोळ्यांजवळ नेला. "आनखी एकदा वाचा," खाला म्हणाली. त्यानं वाचलं. "आनखी एकदा." तिसऱ्यांदा वाचताना त्याचं त्यालाच हसू फुटलं. बाहेर उभे असलेले दोघं-तिघं आत येऊन पाहायला लागले. शेवटी त्यानं अर्ज ठेवून घेतला आणि महिन्याभरात दुरुस्त दाखला आला.

पण खाला तेवढ्यावर थांबली नाही. त्याच आठवड्यात ती शाळेत आली आणि पोरांसमोर उभी राहून म्हणाली, "हात वर करा, अंबर कोनाले ठाव?" कुणालाच नव्हतं. "अंबर म्हंजे आभाळ. आता आयका." मग तिनं आभाळातून खाली लोंबणाऱ्या एका वेलीची गोष्ट सांगितली. वेलीचं मूळ चंद्रावर, फुलं जमिनीला टेकलेली. तिला धरून वर चढलं की तिथं एक गाव, त्या गावात शाळेला सुट्टीच सुट्टी आणि मास्तरांना रोज गृहपाठ. पण वेल फक्त एकाच माणसाचं ऐकते. ती म्हणेल तेव्हाच दुसऱ्याला चढू देते. "आन् तिचं नाव," खाला म्हणाली, "तुमच्या वर्गात हाय."

त्या दिवशी अंबरवेल आईचं बोट धरून दारात उभी होती. सगळा वर्ग वळून तिच्याकडे पाहायला लागला. पाठीवर पंप घेऊन फिरणाऱ्या दोघांतला एक सगळ्यात आधी उठला आणि अगदी अजिजीनं म्हणाला, "मले चढू देशीन का?"

ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पाहीन."

पुढं तीन महिने वर्गात तिचंच राज्य चाललं. खडू कुणी वाटायचे, घंटा कुणी वाजवायची, सगळं ती ठरवायची. मलाही एकदा गृहपाठ दिला होता तिनं.

खालाची खरी कसोटी मात्र माझ्याच माहेरी लागली, रिसोडला. माझा भाऊ सुधीर आणि वहिनी वैशाली यांना लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगी झाली. सगळं घर हवेत होतं. दहाव्या दिवशी भटजींनी पंचांग पाहून अक्षर सांगितलं आणि घर धाडकन खाली आलं.

अक्षर आलं होतं 'ढ'.

आमचे वडील निवृत्त मास्तर, मी मास्तरीण आणि घरात पहिली नात आली ती 'ढ' घेऊन. शेजारीपाजारी मदतीला धावले. कुणी ढोलकी सुचवलं. कुणी म्हणालं ढाल. समोरच्या काकूंनी खूप विचार करून "ढेमसं" म्हटलं आणि मग त्यांनाच ठसका लागला. सुधीर म्हणाला, अक्षर सोडून द्या, मोबाइलवर 'मायरा' चांगलं आहे. आई म्हणाली, नऊ वर्षांनी देवानं दिलं, त्याचं अक्षर मी सोडणार नाही. वैशालीची आई गावातलीच. ती म्हणाली, आमच्या देवीचं रेणुका ठेवा, नाहीतर मी बारशाला येत नाही. आईनं उत्तर दिलं, "नोका येऊ." बारसं परवावर, पाहुण्यांना सांगून झालेलं आणि दोन्ही आज्या एकमेकींशी बोलेनाशा झालेल्या. शिवाय नाव बाळाच्या कानात सांगायचं आत्यानं. म्हणजे मी. मी काय सांगणार होते?

मी खालाला फोन केला. ती फक्त "हौ" म्हणाली. वाशीमला गाडी बदलून बारशाच्या दिवशी सकाळी ती आमच्या दारात उतरली.

घरात पाळणा सजलेला, घुगऱ्या शिजलेल्या, बायका जमलेल्या आणि सगळ्यांच्या तोंडावर इस्त्री फिरवल्यासारखं हसू. वैशालीची आई शेवटी आली होती, पण भिंतीकडे तोंड करून बसली होती. खालानं पाळण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. थेट मधोमध बसली आणि म्हणाली, "बारसं हाय, पयले बांगड्या भरून घ्या. दोघी आजीबाई, या इकडं."

आता बांगड्यांना नाही कोण म्हणणार? दोघी आल्या. तिनं आईचा उजवा आणि विहीणबाईंचा डावा हात एकदमच आपल्या मांडीवर घेतला. दोन हात एकमेकांना लागले. दोघींनी माना दोन दिशांना वळवल्या.

"एक शहर होतं," खाला म्हणाली, "ढगाचं. घरं ढगाची, भिंती ढगाच्या, चूल ढगाची."

आईला राहवेना. "ढगाच्या चुलीत इस्तो पेटन काहून?"

"इजेवर पेटत असन," विहीणबाई भिंतीकडे पाहतच म्हणाल्या.

"हौ, इजेवर," खाला म्हणाली. "पन पाऊस आला की पंचाईत."

"घर गळत असन," विहीणबाई म्हणाल्या.

"गळते कायचं," आई म्हणाली, "घरच्या घर पडत असन पाऊस होऊन!"

"मंग त्या घरच्या बाया?" खालानं विचारलं.

"त्या बी पडत असतीन. कोनाच्या तरी वावरात!"

"आमच्या वावरात पडली त मी त ठेवूनच घेतो," विहीणबाई म्हणाल्या आणि फसकन हसल्या. आईपण हसली. दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या चढलेल्या होत्या. खाला दोन्ही मनगटं अजून धरूनच होती.

मग तिनं मान वळवून कोपऱ्यात बसलेल्या वैशालीला विचारलं, "तुले काय वाटते बेटा? नाव काय ठेवाचं?"

दोन्ही आज्यांनी एकदमच मागं वळून पाहिलं. माझ्या लक्षात आलं, की दोन दिवसांत हा प्रश्न वैशालीला एकानंही विचारला नव्हता. मीसुद्धा नाही.

वैशालीनं आधी सासूकडे पाहिलं, मग आईकडे. तिचे ओठ थरथरत होते आणि मला वाटलं, आता रडते. पण ती हसू दाबत होती.

"डॉक्टरीनबाईनं मले पाच महिने पलंगावरून उठू देल्लं नाही," ती म्हणाली. "खिडकीतून येवढंसं आभाळ दिसे. दिवसभर तेच पाहो मी. येखादा ढग आला की पोटावर हात ठेवून म्हनो, पाय वो, तुई गाडी आली. मी तिले पोटात असतानीच ढगुली म्हनत होती. अक्षर 'ढ' आलं तवा मले इतलं हसू आलं... पन तुमी सगळे रडून राह्यले होते. म्हून मी बसली चुपचाप."

मी खालाकडे पाहिलं. नावाला पंख लावायचे, झालर लावायची, हे तिचं काम. तिनं तोंडातल्या तोंडात ते नाव दोन-तीनदा म्हणून पाहिलं.

"मापाचं हाय," ती म्हणाली. "याच्यात मी काईच घालत नाही."

विहीणबाईंना शेवटची शंका आली. "पन मोठी झाल्यावर? डॉक्टर झाली त डॉक्टर ढगुली म्हनतीन का लोक?"

"हौ," खाला म्हणाली, "डॉक्टर ढगुली. पेशंट हासतच अंदर येईन. आर्धा रोग दाराबाहेर."

तेव्हा जो हशा उठला त्यानं बाळ जागं झालं. मी वाकून तिच्या कानात नाव सांगितलं आणि रीतीप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. दोन्ही आज्यांचे धपाटे एकदमच पडले, नव्या बांगड्यांसकट. त्यातला सगळ्यात जोरदार मात्र खालाचा होता. मी वळून पाहिलं तर ती घुगऱ्यांची ओंजळ सावरत म्हणाली, "तू बी नाही इचारलं तिले."

पुढच्या वर्षी माझी बदली दुसऱ्या तालुक्यात झाली. सामान हलवायच्या आदल्या दिवशी मानोऱ्याच्या बसस्टँडवर खाला दिसली. मी आधी ओळखलंच नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर भला मोठा काळा गॉगल. मला पाहून ती उठली आणि तिनं माझे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले.

"नात झाली! दिग्रसच्या पोरीले! आज पहाटं!"

"अगं मग नाव?"

ती मटकन खाली बसली. "तेच त. ठेवीन त तिले पाहूनच, पन सकाळपासून येक बी नाव सुचून नाही राह्यलं. पोरगी म्हनते, अम्मी तूच ठेव. आन् डोक्यात कोराच कागद! हसतीन मले तिचे सासरचे." असं म्हणत ती स्वतःच इतकी हसली, की गॉगल वर करून डोळे पुसावे लागले. डॉक्टरनं पुसू नका सांगितलं असणार.

तेवढ्यात दिग्रसची बस लागली. ती लगबगीनं चढली, खिडकीशी बसली आणि बाहेर डोकं काढून ओरडली, "तुले सुचते का पाय ना वो मॅडम!"

"चांदपाकळी!" मी म्हटलं.

तिनं मान हलवली. नाही.

बस निघाली. मी बाजूनं चालायला लागले. "नूरझुळूक!" नाही. "हवाबानो!" तिनं दोन्ही हातांनी कपाळ धरलं. मी पळायला लागले. स्टँडवरची माणसं पाहत होती, एक विद्यार्थी तोंडावर हात ठेवून हसत होता आणि मी, सरकारी शाळेची मास्तरीण, बसमागं धावत ओरडत होते, "केशरचिमणी! मोतीसावली! दुधाळी!"

प्रत्येक नावाला खिडकीतला तो काळा गॉगल डावी-उजवीकडे हलत होता. कंडक्टरसुद्धा दारातून वाकून काहीतरी नाव ओरडला, त्यालाही नाही. बस दिग्रसच्या रस्त्याला वळली, तरी ती खिडकीतून अर्धी बाहेर येऊन मान हलवतच होती, तोंड भरून हसत.